डेंड्रिटिक पेशी आणि कॉम्प्लिमेंट यांचा संबंध छोट्या प्रयोगशाळेत कसा तपासावा

गोव्यात एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी प्रतिकारशास्त्रातला विषय घेणारे विद्यार्थी जेव्हा डेंड्रिटिक पेशी (बाहेरचे पदार्थ गिळून त्यांचे तुकडे, म्हणजे प्रतिजन, टी पेशींना दाखवणाऱ्या पेशी) आणि कॉम्प्लिमेंट ही जोडी निवडतात, तेव्हा प्रस्तावात बहुतेक वेळा एकच उद्दिष्ट लिहिलेले असते: कॉम्प्लिमेंटमुळे डेंड्रिटिक पेशी अधिक सक्रिय होतात हे दाखवणे. अडचण या उद्दिष्टातच आहे. कॉम्प्लिमेंट ही रक्तद्रवातल्या आणि पेशींच्या पृष्ठभागावरच्या तीसहून अधिक प्रथिनांची व्यवस्था आहे. तिचा एक तुकडा डेंड्रिटिक पेशीला चालना देतो, दुसरा तिला शांत करतो, आणि काही घटक तर ती पेशी स्वतःच तयार करते. पेशींवर ताजे सीरम घालून मिळालेला आकडा यांपैकी नेमका कशामुळे आला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून प्रयोगाची आखणीच अशी करावी लागते की हे मार्ग एकमेकांपासून वेगळे तपासता येतील. त्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही; सीरम नीट सांभाळणे आणि कंट्रोल नेमके निवडणे या दोनच गोष्टींवर सारे अवलंबून असते.

प्रश्न आधी सुटा करावा

कॉम्प्लिमेंटचा शोध सीरममधला उष्णता न सोसणारा घटक म्हणून लागला. ज्यूल्स बोर्दे यांना याच क्षेत्रातल्या कामासाठी १९१९चे नोबेल पारितोषिक मिळाले. डेंड्रिटिक पेशींचे वर्णन राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोहन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेतील पेशी पाहून केले आणि स्टाइनमन यांना २०११ मध्ये नोबेल जाहीर झाले. एक विषय रक्तद्रवाचा आणि दुसरा पेशींचा, अशी ही विभागणी दीर्घकाळ टिकली आणि पाठ्यपुस्तकांची प्रकरणे आजही तशीच वेगळी असतात. प्रत्यक्षात ही सीमा फारशी खरी नाही. कॉम्प्लिमेंटची बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात, पण क्लासिकल मार्ग (कॉम्प्लिमेंटची साखळी सुरू होण्याच्या क्लासिकल, लेक्टिन आणि अल्टरनेटिव्ह या तीन मार्गांपैकी एक) सुरू करणारे सी१क्यू मुख्यतः मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक पेशीच बनवतात. फ्लो सायटोमेट्रीत डेंड्रिटिक पेशी ओळखण्यासाठी आपण ज्या सीडी११सी या खुणेवर विसंबतो, ती खूण म्हणजे सीआर४ या कॉम्प्लिमेंट रिसेप्टरचाच एक भाग आहे.

संबंधाचा पहिला मार्ग पृष्ठभागाला चिकटलेल्या तुकड्यांचा. सी३ हे प्रथिन कापले गेले की त्याचा मोठा तुकडा, सी३बी, जवळच्या पृष्ठभागाला सहसंयुज बंधाने कायमचा जोडला जातो. मग फॅक्टर आय त्याला आणखी कापून आयसी३बी बनवतो, आणि डेंड्रिटिक पेशींवरचे सीआर३ व सीआर४ हे रिसेप्टर त्या आयसी३बीला पकडतात. दुसरा मार्ग विरघळलेल्या तुकड्यांचा, म्हणजे सी३ए आणि सी५ए यांचा. हे तुकडे आपापल्या रिसेप्टरांमार्फत पेशीला थेट संदेश देतात. तिसरा मार्ग पेशीच्या स्वतःच्या कॉम्प्लिमेंटचा. डेंड्रिटिक पेशी टी पेशीला प्रतिजन दाखवत असताना त्या दोघींच्या सान्निध्यातच सी३, फॅक्टर बी, फॅक्टर डी असे घटक तयार होतात, त्यांतून सी३ए आणि सी५ए निर्माण होतात, आणि टी पेशीचा प्रतिसाद किती जोमदार होईल हे त्यांवरही ठरते. उंदरांवरील अभ्यासांत स्वतःचे सी३ नसलेल्या डेंड्रिटिक पेशी टी पेशींना चालना देण्यात कमी पडल्याचे दिसले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लसीका ग्रंथींमधल्या फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी सीआर१ आणि सीआर२ यांच्या साहाय्याने प्रतिजन धरून ठेवतात आणि बी पेशींना दाखवतात, पण त्या अस्थिमज्जेतल्या रक्तपेशींच्या वंशातल्या नाहीत. नाव सारखे असल्यामुळे प्रस्तावनेत दोन्हींचे संदर्भ मिसळलेले आढळतात. प्रबंधात त्यांचा उल्लेख करायचा असेल तर स्वतंत्र परिच्छेदात करावा.

रक्त घेणे आणि आणणे

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि दात्याची लेखी संमती यांशिवाय रक्ताला हात लावू नये. काम करणाऱ्याने हेपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी आणि सारे रक्त संसर्गजन्य आहे असे समजूनच वागावे.

रक्त बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयात घेतले आणि पेशींचे काम ताळगावच्या पठारावर विद्यापीठात किंवा आणखी दूर झुआरीनगरला करायचे, असा प्रसंग येथे नेहमीच येतो. अंतर फार नसले तरी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बंद गाडीत जे तापमान होते, ते कॉम्प्लिमेंटला मारक ठरते. त्यामुळे दोन वेगळे डबे न्यावेत. पेशींसाठीचे रक्त बर्फावर ठेवू नये, ते साधारण २० ते २५ अंशांवर राहावे. थंड केल्याने मोनोसाइट (ज्यांच्यापासून पुढे डेंड्रिटिक पेशी बनवायच्या त्या रक्तपेशी) वेगळ्या करण्याचे काम बिघडते. सीरम मात्र वेगळे झाल्या क्षणापासून बर्फातच असावे. एकाच थर्मोकोलच्या डब्यात दोन्ही नेल्यास एकाचे तरी नुकसान होतेच.

सीरमची काळजी

सीरमसाठी रक्त साध्या नळीत घ्यावे, ईडीटीएच्या नळीत नव्हे. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही बांधून ठेवतो आणि कॉम्प्लिमेंटची साखळी जागच्या जागी थांबवतो. याच कारणाने रक्तात सी३ए प्रत्यक्ष किती होते हे मोजायचे असेल, तर नमुना ईडीटीएच्या नळीतच घ्यावा लागतो, कारण साध्या नळीत रक्त गोठता गोठता नवे सी३ए तयार होत राहते. म्हणजे कार्यासाठी सीरम आणि मापनासाठी ईडीटीए प्लाझ्मा. ही विभागणी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.

नळी खोलीच्या तापमानाला अर्धा तास ते एक तास ठेवून रक्त पूर्ण गोठू द्यावे. घाईने अर्धवट गोठलेले रक्त फिरवल्यास पुढे सीरममध्ये फायब्रिनच्या तारा निघतात आणि पिपेटचे टोक बंद होते. त्यानंतर ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करून वरचे सीरम हलक्या हाताने काढावे. त्याचा रंग फिकट पिवळा असावा. गुलाबी छटा दिसली तर लाल पेशी फुटल्या आहेत, आणि रक्तविलयनावर आधारलेल्या चाचणीत असे सीरम वापरता येत नाही. सीरम लगेच छोट्या भागांत वाटून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवावे. उणे २० अंशांवर काही आठवडे ठेवलेल्या सीरमवर मी कधीच विश्वास ठेवत नाही. वापरताना नळी बर्फावर वितळू द्यावी, हातात धरून किंवा ३७ अंशांच्या पाण्यात नव्हे, आणि एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. उरलेला टाकून द्यावा.

पावसाळ्यात वीज गेल्यानंतर फ्रीजर किती वर गेला होता, हे सकाळी पडद्यावरच्या आकड्यावरून समजत नाही. तापमानाची नोंद आपोआप ठेवणारे उपकरण नसेल तर जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रयोगापूर्वी सीरमची क्षमता तपासावी. ही तपासणी सोपी आहे.

सीरम जिवंत आहे की नाही, हे कसे पाहावे

ब्लड अगारसाठी मागवलेले मेंढीचे रक्त असेल तर त्यातल्या लाल पेशी धुऊन, सशाच्या प्रतिपिंडाने लेपून घ्याव्यात. बफरमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवेत. जुन्या पद्धतींत व्हेरोनल बफर सांगितलेला असतो, पण ते बार्बिट्युरेट असून नियंत्रित पदार्थांत मोडते. हेपीस बफरमध्ये हे दोन क्षार आणि थोडे जिलेटिन घालून काम भागते. गोल तळाच्या ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये सीरमची पातळी दर खड्ड्याला निम्मी करत न्यावी, लेपलेल्या पेशी घालाव्यात आणि प्लेट ३७ अंशांवर ठेवावी.

तासाभराने प्लेट खिडकीच्या उजेडात धरली की उत्तर डोळ्यांनीच दिसते. पहिल्या काही खड्ड्यांत पेशी फुटून द्रव स्वच्छ, पारदर्शक लाल झालेला असतो. पुढे एक-दोन खड्डे गढूळ असतात आणि त्यानंतरच्या प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी न फुटलेल्या पेशींचा गोल, गडद ठिपका बसलेला दिसतो. हा ठिपका मागच्या महिन्यापेक्षा दोन खड्डे आधी दिसू लागला, तर त्या सीरमची क्षमता सुमारे चौपटीने घटलेली आहे आणि ते प्रयोगात वापरू नये. अचूक आकडा हवा असेल तर प्लेट फिरवून वरच्या द्रवाचे शोषण ५४० नॅनोमीटरवर मोजावे. ही चाचणी क्लासिकल मार्ग तपासते. अल्टरनेटिव्ह मार्गासाठी सशाच्या लाल पेशी वापरतात.

पेशी तयार करणे

या भागाची पद्धत सर्वत्र जवळपास सारखीच असल्याने विस्तार करीत नाही. फायकोलच्या थरावर एककेंद्री पेशी वेगळ्या कराव्यात, सीडी१४च्या चुंबकीय मण्यांनी मोनोसाइट निवडाव्यात आणि त्या जीएम-सीएसएफ व आयएल-४ या सायटोकाइनांसह (पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनांसह) पाच ते सहा दिवस वाढवाव्यात. सीडी१४ जवळपास नाहीसे झालेले, सीडी१ए आणि सीडी११सी उमटलेले, परिपक्वतेची खूण असलेले सीडी८३ मात्र अजून न दिसणारे, अशी अपरिपक्व डेंड्रिटिक पेशी येथे हवी असते. माध्यमातले गाईच्या गर्भाचे सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून घ्यावे, नाहीतर त्यातले कॉम्प्लिमेंट प्रयोगात शिरते.

चिकटलेल्या तुकड्यांचा परिणाम वेगळा काढणे

सी३बीचा बंध पक्का असल्यामुळे एक मोठी सोय होते. कण आधी सीरममध्ये लेपून घ्यावेत, नंतर धुवावेत आणि मगच पेशींना द्यावेत. म्हणजे चिकटलेले तुकडे कणांबरोबर जातात आणि सी३ए, सी५ए धुण्याच्या पाण्यात निघून जातात. कण किती गिळले गेले एवढेच पाहायचे असेल, तर चमकणारा रंग लावलेले झायमोसन उत्तम, कारण यीस्टच्या भिंतीपासून बनलेला हा कण अल्टरनेटिव्ह मार्ग जोमाने चालू करतो. ३७ अंशांवर अर्धा तास ताज्या सीरममध्ये ठेवून ते दोन-तीन वेळा धुवावे आणि दर पेशीमागे पाच ते दहा कण द्यावेत. सोबत एक संच ४ अंशांवर ठेवावा, कारण त्या तापमानाला कण चिकटतो पण गिळला जात नाही. बाहेर राहिलेल्या कणांची हिरवी चमक ट्रिपॅन ब्लूने दाबता येते.

कंट्रोलच्या निवडीत सर्वाधिक विचार लागतो. तापवलेले सीरम हे कंट्रोल सगळेच वापरतात, आणि ते आवश्यकही आहे, पण एकटे पुरेसे नाही. ५६ अंशांवर सी२ आणि फॅक्टर बी लवकर निकामी होतात, त्याबरोबर काही प्रतिपिंडांच्या गाठीही बनू शकतात आणि त्या एफसी रिसेप्टरांना (प्रतिपिंडे पकडणाऱ्या रिसेप्टरांना) चालना देतात. म्हणून दुसरा संच १० मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या ताज्या सीरमचा ठेवावा. ईडीटीए सीरममध्ये कणांच्या आधी घालावा, नंतर नव्हे. तो लेपन झाल्यावर पूर्ण धुऊन काढावा, कारण सीआर३ आणि सीआर४ या इंटिग्रिन गटातल्या रिसेप्टरांना आयसी३बी धरण्यासाठी मॅग्नेशियमसारखे आयन लागतात. ईडीटीए मागे राहिला तर गिळणे कमी झालेले दिसेल, पण ते कणावर आयसी३बी नसल्यामुळे की रिसेप्टरच बंद पडल्यामुळे, हे सांगता येणार नाही. ईजीटीए (मुख्यतः कॅल्शियम बांधणारा पदार्थ) आणि मॅग्नेशियम एकत्र घातले तर क्लासिकल व लेक्टिन मार्ग थांबतात आणि अल्टरनेटिव्ह मार्ग चालू राहतो. कोणता मार्ग कामी आला हे विचारायचे असेल तेव्हा हा संच जोडावा. निधी असेल तर सी३ काढून टाकलेले सीरम विकत घ्यावे, त्यात शुद्ध सी३ परत घालून परिणाम परत येतो का ते पाहावे. माझ्या मते परीक्षकाला सर्वाधिक पटणारा पुरावा हाच असतो.

मोनोसाइटपासून बनवलेल्या मानवी डेंड्रिटिक पेशींत आयसी३बी लागलेला कण गिळण्याचे काम मुख्यतः सीआर३ करतो आणि सीआर४ पृष्ठभागाला चिकटण्यात अधिक भाग घेतो, असे अभ्यासांत आढळले आहे. हे तपासण्यासाठी सीडी११बी (सीआर३चा भाग) आणि सीडी११सी (सीआर४चा भाग) यांवरची रोधक प्रतिपिंडे स्वतंत्रपणे वापरावीत आणि प्रत्येकीसोबत त्याच प्रकारचे निरुद्देश प्रतिपिंडही ठेवावे.

पेशी भडकली की शांत झाली, हे पाहण्यासाठी मात्र झायमोसन वापरू नये. ते डेक्टिन-१ आणि टीएलआर२ या जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरांना थेट चालना देते आणि त्या गोंगाटात कॉम्प्लिमेंटचा आवाज ऐकू येत नाही. येथे मरणपंथाला लागलेल्या पेशी घ्याव्यात: जुरकॅट पेशींना अतिनील किरण देऊन अ‍ॅनेक्सिनने खात्री करावी, सीरमने लेपावे, धुवावे, डेंड्रिटिक पेशींना द्यावे आणि काही तासांनी एलपीएसचे (पेशीला भडकवणाऱ्या जीवाणूंच्या एंडोटॉक्सिनचे) आव्हान द्यावे. आयसी३बीने लेपलेल्या मृत पेशी गिळलेली डेंड्रिटिक पेशी सीडी८६ ही सक्रियतेची खूण कमी दाखवते आणि टी पेशींना भडकवणारे आयएल-१२ कमी सोडते, हा अपेक्षित निकाल आहे. शरीराच्या दृष्टीने त्याला मोठा अर्थ आहे. रोज मरणाऱ्या आपल्याच पेशींविरुद्ध प्रतिकार उभा राहू नये, याची ती तरतूद आहे. आणि जन्मतः सी१क्यू नसलेल्या बहुतांश व्यक्तींना ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा त्यासारखा आजार होतो, हे याच तरतुदीच्या अभावाशी जोडले जाते. मापनाविषयी एक सूचना: या पेशी फक्त एलपीएसवर आयएल-१२पी७० फारच थोडे बनवतात, त्यामुळे घट दाखवायला मुळात काही उरत नाही. एलपीएससोबत इंटरफेरॉन-गॅमा द्यावा, आणि शांत करणारे आयएल-१०ही मोजावे.

विरघळलेले तुकडे

सी३ए आणि सी५ए यांचा परिणाम पाहायचा तर शुद्ध प्रथिने सीरमविरहित माध्यमात द्यावीत. सीरममधले कार्बॉक्सिपेप्टिडेज एन त्यांच्या टोकाचे आर्जिनिन झपाट्याने काढून टाकते. त्यानंतर सी३ए आपल्या रिसेप्टरला बांधू शकत नाही आणि सी५ए पुष्कळ दुबळा होतो. सर्वात भरवशाचा प्रयोग स्थलांतराचा आहे: छिद्रे असलेल्या पडद्याच्या खालच्या बाजूला सी५ए ठेवले की अपरिपक्व डेंड्रिटिक पेशी त्याकडे सरकतात, आणि परिपक्व झाल्यावर त्यांचा ओढा सीसीआर७च्या (लसीका ग्रंथींकडे नेणाऱ्या रिसेप्टरच्या) संदेशांकडे वळतो. सायटोकाइनच्या बाबतीत निकाल पेशीच्या प्रकारानुसार, प्राण्यानुसार आणि टीएलआरचा संदेश आधी दिला की नंतर यानुसार बदलतात, त्यामुळे वेळापत्रक अगदी काटेकोर लिहून ठेवावे. उंदीर वापरत असाल तर जात तपासावी. डीबीए/२ आणि ए/जे या जातींत मुळातच सी५ नसते.

जीवाणूंचे विष मिसळलेले असण्याचा धोका येथे फार असतो. विकत घेतलेल्या प्रथिनात एंडोटॉक्सिनचा अंश असला तरी डेंड्रिटिक पेशी परिपक्व होते आणि त्याचे श्रेय सी५एला दिले जाते. एक संच एंडोटॉक्सिनला बांधणाऱ्या पॉलिमिक्सिन बीसह आणि एक प्रथिन उकळून ठेवावा. एंडोटॉक्सिन उकळीला दाद देत नाही, त्यामुळे उकळूनही परिणाम तसाच राहिला तर एंडोटॉक्सिनचा संशय घ्यावा.

पेशीचे स्वतःचे कॉम्प्लिमेंट

पेशी चांगल्या धुऊन सीरमविरहित माध्यमात एक दिवस ठेवाव्यात आणि वरच्या द्रवातले सी३ व सी१क्यू एलायझाने मोजावे. वापरलेले किट गाईच्या सी३ला प्रतिसाद देते का, हे आधी केवळ माध्यम घालून पाहावे. एक संच ब्रेफेल्डिन एसह ठेवावा. स्राव थांबून आकडा उतरला तरच ते प्रथिन पेशीने बनवले, आधीच्या माध्यमातून चिकटून आले नव्हते, असे म्हणता येते. परिपक्व होताना सी१क्यूची निर्मिती घटते, म्हणून एलपीएसच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही नमुने घ्यावेत.

निकाल वाचताना

किमान तीन वेगवेगळ्या दात्यांच्या पेशींवर प्रयोग पुन्हा करावा आणि प्रत्येक दात्याची तुलना त्याच्याच कंट्रोलशी करावी. दात्यादात्यांमधला फरक बहुधा उपचाराच्या परिणामापेक्षा मोठा असतो. सीरम मात्र सर्व प्रयोगांत एकाच साठ्यातले वापरावे, म्हणजे बदल पेशींचा आहे की सीरमचा हा प्रश्न उरत नाही.

आपल्याकडच्या आजाराशी हा विषय जोडायचा असेल तर लेप्टोस्पायरोसिस मला सर्वाधिक योग्य वाटतो. पावसाळ्यात शेतातल्या पाण्यात आणि चिखलात उभे राहून काम करणाऱ्यांना त्याचा धोका असतो. माती-पाण्यात राहणारा, रोग न करणारा लेप्टोस्पायरा बायफ्लेक्सा माणसाच्या ताज्या सीरममध्ये मरतो. रोगकारक लेप्टोस्पायरा मात्र आपल्या पृष्ठभागावर फॅक्टर एच आणि सी४ला बांधणारे प्रथिन ही आपल्याच रक्तातली, कॉम्प्लिमेंटला आवर घालणारी प्रथिने ओढून घेतात आणि साखळी अर्ध्यात थांबवतात. मग अशा जीवाणूवर आयसी३बी किती उरतो, आणि सीआर३मार्फत तो गिळणारी डेंड्रिटिक पेशी भडकते की शांत होते, हा प्रश्न वर दिलेल्या पद्धतीने विचारता येतो. रोगकारक प्रजाती केवळ योग्य जैवसुरक्षा असलेल्या ठिकाणी, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच हाताळाव्यात. विद्यार्थ्याने सुरुवात बायफ्लेक्सापासून करावी: जीवाणू ताज्या, तापवलेल्या आणि ईडीटीएच्या सीरममध्ये ठेवून, धुऊन, सी३च्या प्रतिपिंडाने फ्लो सायटोमीटरवर तपासावेत, आणि ताज्या सीरमचा संच उरलेल्या दोन्हींपेक्षा स्पष्टपणे वेगळा दिसल्यानंतरच डेंड्रिटिक पेशींसाठी रक्त मागवावे.